धारूर ते नगर रस्ता : भाड्याच्या घराची निवड

बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या आणि किल्ल्यामुळे ‘किल्ले धारूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धारूर तालुक्याला स्थलांतर नवे नाही. नवी आहे ती स्थलांतर करताना मुक्कामाची जागा स्वतः निवडण्याची जबाबदारी. बीड जिल्ह्यातील इतर डोंगरी तालुक्यांप्रमाणे येथूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या स्थलांतरात नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे एकक असून तिला ‘कोयता’ म्हणतात; टोळी जमवणारा मुकादम हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतो ती ‘उचल’, आणि कारखान्याच्या वा फडाच्या आसपास बांबू, पाचट व ताडपत्री यांनी उभारलेले खोपटे म्हणजे ‘कोपी’. कोपी कोणत्या गावाच्या शिवारात पडेल, पाणी किती लांबून आणावे लागेल आणि शेजारी कोण असेल, यांपैकी काहीही कोयत्याच्या हाती नसते. ते कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर आणि मुकादमावर अवलंबून असते. त्याच घरातील पुढची पिढी आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी घेऊन पुण्याकडे निघते तेव्हा व्यवहाराची दिशाच उलटते: आई-वडिलांना घर सोडण्यासाठी आधी पैसे मिळत होते, मुलाला घर मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात. उचलीचा बोजा अंगावर फिटेपर्यंत राहतो आणि डिपॉझिट निदान कागदावर तरी परत मिळायचे असते, हा फरक मोठा आहे. तरी पहिल्या पगाराआधीच हाताशी रक्कम असावी लागते आणि ती अनेकदा ऊसतोडीच्याच कमाईतून उभी राहते, हे विसरून चालत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या स्थलांतराचा अनुभव नीट पाहिला तर असे दिसते की शहरातील पहिले घर निवडलेले नसतेच. ते ओळखीने मिळते. स्थलांतराच्या अभ्यासात यालाच साखळी स्थलांतर म्हणतात, म्हणजे आधी गेलेल्या माणसाच्या आधाराने पुढचा माणूस त्याच ठिकाणी जाणे. ई. जी. रॅव्हेनस्टाइन याने 1885 मध्ये स्थलांतराविषयी जी सूत्रे मांडली, त्यांत बहुतेक माणसे जवळच्या अंतरावर आणि टप्प्याटप्प्याने सरकतात असे निरीक्षण आहे, आणि धारूरच्या संदर्भात ते बऱ्याच अंशी लागू पडते: शिक्षणासाठी अंबाजोगाई, बीड किंवा लातूर, आणि नोकरीसाठी पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर. मात्र या टप्प्यांची रेषा कोणत्या बाजूने वळेल हे गावाला जोडणारी वाहतूक ठरवते. धारूरला रेल्वे नसल्यामुळे पुण्याची वाट म्हणजे एसटीची किंवा खासगी ट्रॅव्हल्सची वाट, आणि ती वाट प्रामुख्याने अहिल्यानगरमार्गे, म्हणजे पुणेकर ज्याला नगर रस्ता म्हणतात त्या रस्त्याने शहरात शिरते. शिरूर सोडल्यावर कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, खराडी, चंदननगर अशी गावे आणि उपनगरे या रस्त्यावर ओळीने लागतात. शिवाय शिक्रापुरातून चाकणकडे फाटा फुटतो. रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडी-शिक्रापूरचे कारखाने, चाकणचा वाहन उद्योग आणि खराडीतील संगणक कंपन्या हे सर्व रोजगार याच रस्त्याच्या कडेला किंवा त्याच्या फाट्यावर असल्यामुळे मराठवाड्यातून आलेला तरुण प्रथम एखादी पेठ किंवा उपनगर निवडतो असे म्हणण्यापेक्षा तो एक रस्ता निवडतो असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. गावाकडची गाडी जेथे हात दाखवल्यावर थांबते, तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पहिली खोली असते.

ही रीत पुण्याची किंवा आजची नव्हे. गिरणगावात, म्हणजे मुंबईतील लालबाग-परळच्या गिरणी वस्तीत, कोकण आणि घाटावरून आलेले पुरुष आपापल्या गावाच्या मंडळाने घेतलेल्या खोल्यांतून राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. मुंबई विकास विभागाने 1920 च्या दशकात बांधलेल्या, आणि विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीडीडी’ म्हटल्या जाणाऱ्या चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांनी अशी कित्येक गावे पोसली. कारेगावच्या किंवा चाकणजवळच्या खराबवाडी, नाणेकरवाडीच्या आजच्या खोल्यांत तीच व्यवस्था लहान आकारात चालू आहे, फक्त गावाच्या मंडळाची जागा व्हॉट्सॲपवरच्या गटाने आणि खानावळीची जागा मेसच्या डब्याने घेतली आहे. कॉट बेसिसवर राहणे, म्हणजे खोलीचे नव्हे तर एका खाटेचे भाडे देणे, किंवा तिघाचौघा ‘पार्टनर’नी मिळून वन आरके घेणे, हे या टप्प्याचे रूढ प्रकार होत. ओळखीच्या घराचा फायदा असा की पहिल्या महिन्यात डिपॉझिट लागत नाही, आजारी पडल्यास कोणीतरी पाणी देते आणि कंपनीत जागा निघाल्याची बातमी आधी कानावर येते. तोटा तेवढाच खरा आहे: ज्याच्या आधाराने राहायचे त्याच्याच कंपनीत, त्याच्याच ठेकेदाराकडे काम धरावे लागते, आणि पगार कमी असूनही तेथून हलणे संकोचाचे होते. ठेकेदाराने दिलेल्या खोलीत राहणाऱ्याची स्थिती याहून अवघड असते, कारण काम सुटले की त्याच संध्याकाळी छप्परही सुटते.

म्हणून निवडीचा खरा प्रश्न दुसऱ्या घराच्या वेळी उभा राहतो. कामाची कायमस्वरूपी ऑर्डर हातात पडते, किंवा लग्न ठरते, किंवा धाकटा भाऊ शिकायला येणार असतो, आणि तेव्हा कोणत्या भागात राहावे याचा विचार प्रथमच मोकळेपणाने करता येतो. नागरी अर्थशास्त्रात या विचाराचे एक प्रसिद्ध प्रारूप आहे. विल्यम अलोन्सो याने 1964 मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे जागेचे भाडे उतरते व प्रवासाचा खर्च चढतो, आणि प्रत्येक कुटुंब या दोहोंचा मेळ जेथे परवडेल तेथे वसते. हे प्रारूप ज्या शहराला एकच केंद्र आहे अशा शहरासाठी रचलेले आहे. पुण्याला तसे केंद्र उरलेले नाही. पश्चिमेला हिंजवडी, पूर्वेला खराडी आणि मगरपट्टा, उत्तरेला भोसरी-चाकण, ईशान्येला रांजणगाव अशी कामाची अनेक केंद्रे असल्यामुळे एका भागातील स्वस्त घर दुसऱ्या केंद्रात काम करणाऱ्याला महागात पडते. वाघोलीत राहून हिंजवडीला जाणाऱ्याला संपूर्ण शहर आडवे कापावे लागते, आणि भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये व झोपेत जातात. खेरीज अलोन्सोच्या हिशेबात नसलेले तिसरे टोक येथे आहे, ते म्हणजे गाव. सणावाराला, पेरणीला आणि दवाखान्याच्या कामाला ज्याला वारंवार जावे लागते त्याच्या दृष्टीने घरापासून गाडीच्या थांब्यापर्यंतचे अंतर हाही भाड्याचाच भाग असतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय येथे सर्वांत आधी सोडावी लागते. कारखान्यातील कामगाराच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट असते ती कंपनीच्या बसचा थांबा, कारण पहिल्या पाळीसाठी पहाटे निघताना आणि दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतताना पीएमपीची बस मिळेलच असे नाही; ज्या वस्तीच्या तोंडाशी कंपनीची बस थांबते तेथील खोलीला म्हणूनच थोडे अधिक भाडे पडते आणि ते देणे बहुधा शहाणपणाचे असते. ज्याला स्वतःच्या दुचाकीवर जायचे आहे त्याने घर रविवारी दुपारी पाहून ठरवू नये, हा अनुभवी लोकांचा सल्ला अक्षरशः पाळण्याजोगा आहे. खराडी बाह्यवळणाचा चौक किंवा वाघोलीतील रस्ता रविवारी जसा असतो तसा तो सोमवारी सकाळी नऊ वाजता नसतो, आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेली संध्याकाळ कोणत्याही नकाशावर दिसत नाही. मेट्रोच्या बाबतीतही स्थानक प्रत्यक्षात कोठे आहे हे पाहावे, जाहिरातीत काय लिहिले आहे ते नव्हे: वनाजहून येणारी मार्गिका 6 मार्च 2024 पासून नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आली, तर वाघोलीपर्यंतचा विस्तार त्यानंतर मंजुरीच्या वाटेला लागला, पण वाघोलीतील घरे दाखवणारे एजंट ‘मेट्रो येणारच आहे’ हे वाक्य वर्तमानकाळात बोलतात. भाडेकरूने भविष्यातल्या मेट्रोचे भाडे आज देण्याचे काहीच कारण नाही; ती गरज घर विकत घेणाऱ्याची.

तथापि अंतरापेक्षाही ज्या एका बाबीवर येथे थांबणे आवश्यक आहे ती म्हणजे पाणी, आणि या बाबतीत धारूरच्या माणसाची जाण शहरातल्या माणसापेक्षा सरस असूनही तो ती वापरायला कचरतो, असे पुन्हा पुन्हा दिसते. ज्याने 2012-13 आणि 2015-16 च्या टंचाईत टँकरभोवतीची घागरींची झुंबड पाहिली आहे, शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले हे ज्याला आठवते, तोच माणूस चकचकीत फरशी आणि मॉड्युलर स्वयंपाकघर पाहताना पाण्याचा प्रश्न विचारणे गावंढळपणाचे समजतो. वास्तविक महानगराच्या कडेला हाच प्रश्न पहिला असतो. पुणे शहराचा मुख्य पाणीपुरवठा खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून होतो. पूर्व भागासाठी भामा आसखेडचे पाणी 2021 च्या आरंभी आले. परंतु वाघोलीसह 23 गावे महापालिकेत आली ती 2021 च्या जूनअखेरीस, आणि महापालिकेची हद्द एका अधिसूचनेने वाढते तशी जलवाहिनी वाढत नाही. त्यामुळे अशा भागांतील अनेक सोसायट्या बोअर आणि टँकर यांवर चालतात व त्या टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या नावाखाली किंवा वेगळ्या वर्गणीने भाडेकरूपर्यंत पोहोचतो. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना धरणाचे पाणी असले तरी तेथे 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पुरवठ्याची पद्धत आली. पाणी किती येते याच्याइतकेच ते कसे येते हेही महत्त्वाचे आहे, याची जाणीव जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा सर्वांना झाली; या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, आणि त्या साथीच्या तपासात दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले.

म्हणून खोली पाहायला गेलेल्याने भिंतींचा रंग नंतर पाहावा आणि आधी गच्चीवर जावे. टाकी सिमेंटची आहे की काळ्या प्लॅस्टिकची, तिला झाकण आहे का, तळाशी गाळ किती आहे, महापालिकेची आणि बोअरची नळी एकाच टाकीत पडते की वेगवेगळ्या, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. न्हाणीघरातील बादलीच्या आतल्या बाजूला पांढरा खरपा धरलेला असेल तर पाणी बोअरचे व जड आहे, घरमालक काहीही सांगो. आणि जिन्याखाली रांगेने वीस लिटरचे जार ठेवलेले असतील तर प्यायचे पाणी विकत घ्यावे लागते हे उघड आहे. पाणी केव्हा येते हा प्रश्न मालकाला न विचारता शेजारच्या दारात भांडी घासणाऱ्या बाईला विचारावा, कारण तिचे उत्तर वेळेसह आणि तक्रारीसह मिळते. विजेच्या बाबतीत तपासणी याहून सोपी आहे: खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे की मालकाने लावलेला सबमीटर, आणि सबमीटर असल्यास युनिटला काय दर, एवढे आधी कळले म्हणजे पुष्कळ भांडणे टळतात.

कराराचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात, म्हणून त्याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. पुण्यात भाड्याने घेतलेल्या घराचा कागद साधारणतः ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो, म्हणजे घरात राहण्याची केवळ परवानगी; तीमुळे जागेवर कुळाचा हक्क निर्माण होत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी नोंदणी कायद्याने आवश्यक असल्यामुळे अकरा महिन्यांची चाल देशभर पडली आणि महाराष्ट्रातही ती टिकली, जरी येथे त्या चालीचा तो उपयोग उरलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. या कलमाचा जो भाग भाडेकरूंना फारसा ठाऊक नसतो तो असा की नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, ती न केल्यास शिक्षेची तरतूदही मालकासाठीच आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून ‘एवढे चालते’ असे सांगणारा एजंट म्हणूनच कोणाचेच भले करत नसतो. खर्चाची भीती अवाजवी आहे: समजा भाडे दरमहा 10,000 रुपये, परत मिळणारे डिपॉझिट 30,000 रुपये आणि मुदत अकरा महिने असेल, तर भाड्याची एकूण रक्कम 1,10,000 आणि डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेले 2,750 रुपये व्याज मिळून होणाऱ्या 1,12,750 रुपयांवर पाव टक्का, म्हणजे तीनशे रुपयांच्या आतले मुद्रांक शुल्क पडते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये असते आणि बाकीचे पैसे अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन घरी येणाऱ्या एजंटचे. हाच नोंदलेला करार पुढे गॅसजोडणीला, बँकेला, मुलाच्या शाळाप्रवेशाला आणि पोलीस ठाण्यात द्यावयाच्या भाडेकरूच्या माहितीला लागतो.

घर पसंत पडणे आणि घर मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बॅचलर चालणार नाही’ ही अट उघडपणे पाटीवर लिहिली जाते. आडनाव, गाव आणि घरात काय शिजते याची चौकशी बोलण्याच्या ओघात होते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या महानगर परिसरात भाड्याच्या घरांसाठी संपर्क साधून केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दलित आणि मुस्लिम इच्छुकांना नकार किंवा जाचक अटी अधिक प्रमाणात मिळाल्याचे आढळले. पुण्यातील अनुभव सांगणारे लोक वेगळे काही सांगत नाहीत, फक्त येथील नकार अधिक सभ्य असतो: खोली नुकतीच गेली, किंवा मालकाचा पुतण्या राहायला येणार आहे. या नकारांचा परिणाम असा होतो की ओळखीच्या माणसांच्या वस्तीतून बाहेर पडण्याची आर्थिक ऐपत असूनही अनेक कुटुंबे तेथेच राहतात, आणि बाहेरून पाहणारा त्याला त्यांची आवड समजतो. ओळखीचे घर सोडण्याविषयी वर जे म्हटले आहे ते म्हणूनच सर्वांना सारख्या प्रमाणात लागू नाही.

लग्नानंतर हिशेबाचे परिमाण पुन्हा बदलते. पत्नी नोकरी करणारी असेल, परिचारिका असो की दुकानातील सेल्सगर्ल, तर दोन कामांच्या मध्यावरचे घर शोधण्याकडे कल असतो. पण मध्यबिंदू दोघांनाही सारखाच गैरसोयीचा ठरू शकतो. अशा वेळी जिच्या कामाच्या वेळा अनिश्चित आहेत आणि जिला रात्री परतावे लागते तिच्या कामाजवळ घर घ्यावे, आणि कंपनीची बस असलेल्याने लांबचा प्रवास पत्करावा, ही तडजोड अधिक टिकते. पुरुषाच्या कंपनीच्या दारात घर घेण्याची रूढ रीत येथे मोडावी लागते, एवढेच. मूल झाल्यावर गावाहून आजी येऊन राहते, आणि महिलांना एसटीच्या तिकिटात मार्च 2023 पासून निम्मी सवलत मिळू लागल्यावर आजींचे हे येणे-जाणे अधिक सुलभ झाले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट नसलेली स्वस्त खोली गुडघ्यांच्या हिशेबाने महाग पडते आणि खाली ओटा असलेले, दाराशी दोन बायका बसलेल्या दिसतील असे बैठे घर, जरी जुने असले तरी, बरे वाटते.

शाळा सुरू झाली की अकरा महिन्यांच्या चालीतला एक दोष उघडा पडतो, ज्याकडे पहिल्या दोन करारांत कोणाचे लक्ष जात नाही. 1 जूनला सुरू झालेला करार 30 एप्रिलला संपतो, नवा 1 मेपासून 31 मार्चपर्यंत चालतो, आणि 1 एप्रिलला सुरू झालेला तिसरा करार फेब्रुवारीअखेरीस, म्हणजे शाळेच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या असताना संपतो. दर खेपेस भाडेवाढीची बोलणी महिनाभर अलीकडे सरकतात आणि भाडेकरूची बाजू तेवढी लंगडी होते, कारण मुलाची शाळा मध्येच सोडवून दुसरीकडे जाता येत नाही हे मालकालाही कळते. अशा करारांची नोंदणी 60 महिन्यांपर्यंत करता येते. म्हणून शाळेत जाणारे मूल असलेल्या कुटुंबाने पहिल्याच बैठकीत 24 किंवा 36 महिन्यांचा करार मागावा, वार्षिक वाढ किती ती त्यातच लिहून घ्यावी, मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची हे ठरवावे आणि मुदतीचा शेवटचा दिवस मे महिन्यात येईल असे पाहावे. त्यासाठी पहिला महिना थोडे अधिक भाडे मागितले गेले तरी सौदा तोडू नये.